फोम, प्लाय आणि डांबरगोळ्या: आचऱ्यातल्या एका गादीचं प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. "तू केमिस्ट्री शिकवतोस ना? मग सांग, नव्या गादीचा वास किती दिवसांनी जातो?" मी पुस्तकी उत्तर दिलं. दोन-तीन दिवसांत बराचसा जातो, फार तर दोन आठवडे लागतात, खिडक्या उघड्या ठेव. पलीकडून पावसाचा आवाज एवढा येत होता की पुढचं वाक्य तिने ओरडून सांगितलं. "आडवा पाऊस आहे रे! खिडकी उघडली तर गादीसकट आम्ही खाडीत जाऊ."

मी रत्नागिरीला ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. गाद्यांचा माझा काही धंदा नाही. पण त्या रविवारी कणकवलीला उतरून मालवणजवळच्या आचऱ्याची एसटी धरली, आणि त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत ही एक गादी माझ्या डोक्यात होती. झालं ते क्रमाने लिहितो, कारण हे असंच्या असं बऱ्याच घरांत होत असणार.

घर आणि गरज

ताई डोंबिवलीतलं भाड्याचं घर सोडून दोन वर्षांपूर्वी सासरी आचऱ्याला राहायला आली. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, मधोमध माजघर, पुढे पडवी आणि खळं. माजघराला खिडकी एकच, तीही पश्चिमेला. म्हणजे वारा जिथून यायचा तिथूनच पाऊस. घरात ताई, भावोजी, ताईच्या सासूबाई (त्यांना मी काकी म्हणतो) आणि नऊ वर्षांची भाची. भाचीला बाळदमा आहे. मालवणच्या डॉक्टरांनी पंप दिलाय आणि धूर, ओल, उग्र वास यांपासून तिला लांब ठेवायला सांगितलंय.

तिची जुनी गादी कापसाची होती, पिंजाऱ्याकडून करून घेतलेली, बारा-तेरा वर्षांची. आदल्या पावसाळ्यात तिच्या खालच्या अंगाला काळे ठिपके आले. बुरशी. ती गादी बदलायची हे डॉक्टरांनीही सांगितलं. बजेट दहा हजार, ओढूनताणून अकरा. कणकवलीच्या दुकानात दोन-तीन गाद्या बघितल्या, पण दुकानदाराला "आत काय आहे?" विचारलं की "चांगला माल आहे, वहिनी" यापुढे उत्तर जाईना. म्हणून ऑनलाइन. तिथे निदान लिहिलेलं तरी असतं, हा ताईचा विचार. चुकीचा नव्हता. लिहिलेलं होतं, आणि पुढे तेच आमच्या उपयोगी पडलं.

१८ मेला तिने गादी मागवली. ७२ बाय ४८ इंच, सहा इंच जाड, ७,४९९ रुपये. पानावर लिहिलं होतं: "१०० टक्के केमिकल फ्री", "ऑरगॅनिक मेमरी फोम", "हाय डेन्सिटी ४०". खाली गोल शिक्के आणि "१०० रात्री वापरून बघा". हिशोब असा होता की मेच्या अखेरीस गादी येईल, आठवडाभर खळ्यात उन्हाला टाकू, मग पाऊस. पण २०२५ चा मान्सून तिच्या हिशोबाने आला नाही. २५ मेलाच तो तळकोकणात दाखल झाला, देवगडपर्यंत पोचला. गादी २८ मेला आली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, टेम्पोतून उतरवतानाच भिजलेली. ती माजघरात उघडली, दार बंद केलं, कारण बाहेर धो-धो.

काकींनी उंबऱ्यावरूनच निकाल दिला. "गे, ही गादी हा की रंगाचो डबो?"

वासाचा शोध

मी पोचलो तेव्हा अकरा दिवस झाले होते. वास होताच. पण आत पाऊल टाकल्यावर मला जो वास आला तो फोमचा वाटेना. डोळ्यांत चुरचुरणारा, नाकाच्या मुळाशी टोचणारा. तो वास मी वीस वर्षं ओळखतो. आमच्या कॉलेजच्या बायोलॉजी लॅबमध्ये बेडूक आणि मासे ज्या बरण्यांत ठेवलेत त्यांचा. फॉर्मेलिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू. २०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मेलिन घालतात म्हणून गदारोळ झाला आणि तो सिंधुदुर्गातल्या मासेवाल्यांनाही भोवला, तेव्हापासून हा शब्द आचऱ्याच्या बाजारातही कोणाला नवा नाही.

फोम असा वास का देईल? इथे थोडं रसायन सांगावं लागेल. स्वस्त आणि मध्यम गाद्यांतला फोम बहुतेक पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. पॉलिऑल नावाचं घट्ट द्रव आणि डायआयसोसायनेट यांची क्रिया करून तो बनतो. ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत या रसायनाचा पाया घातला. मिश्रणात पाणी घातलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पावासारखं फुगतं. मेमरी फोम त्याचाच जड, सावकाश उठणारा भाऊ. तो १९६६ च्या सुमारास अमेरिकेत नासाच्या कामातून निघाला. आयसोसायनेट कारखान्यातल्या कामगाराला खरोखर धोक्याचं असतं, त्याने दमा होतो. पण क्रिया पूर्ण झालेल्या फोममध्ये ते फारसं उरत नाही. घरी येतो तो वास उरल्यासुरल्या उत्प्रेरकांचा, थर चिकटवायच्या गोंदाचा आणि अशा लगेच उडून जाणाऱ्या इतर सेंद्रिय रसायनांचा. गादी हवा काढून, गुंडाळून, पिशवीत आठवडाभर कोंडली की तो सगळा साठा एकदम तुमच्या खोलीत मोकळा होतो. वास गोडसर, पेट्रोलपंपासारखा, नव्या चपलेसारखा असू शकतो. डोळ्यांना चुरचुरणं मात्र मला खटकलं.

मग गादी उचलली. खाली पांढरीफटक नवी प्लाय.

"ही कधी आणली?"

"गादीबरोबरच. खाट फळ्यांची आहे ना, मध्ये फटी. त्यांच्या वॉरंटीत लिहिलंय, सपाट पाया नसेल तर वॉरंटी जाईल. म्हणून कणकवलीहून प्लाय आणली, १,८५० रुपये."

म्हणजे एकाच दिवशी घरात दोन नव्या वस्तू आल्या आणि आळ एकीवर गेला. बाजारात ज्याला "कमर्शियल" किंवा एमआर प्लाय म्हणतात तिचे पापुद्रे बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदाने चिकटवलेले असतात. "मरीन" म्हणून मिळते तिच्यात फिनॉल-फॉर्मल्डिहाइड असतो आणि तो बराच पक्का बसलेला असतो. युरियावाला गोंद ओलीने आणि उष्णतेने हळूहळू सुटतो आणि फॉर्मल्डिहाइड वायू सोडत राहतो. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. जून महिना, कौलांखाली दमट उकाडा, बंद माजघर, आणि वर सहा इंचांचं झाकण घातलेली नवी प्लाय. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. हे वाचून घरातल्या कपाटाला कुऱ्हाड लावायची गरज नाही, प्रश्न किती आणि किती काळ याचा असतो. पण दमेकरी पोरीच्या पाठीखाली ते नको, एवढं कळायला संशोधन लागत नाही.

तरी मला माझ्या नाकावर पुरता विश्वास नव्हता. म्हणून त्या रात्री एक घरगुती प्रयोग केला. गादी पडवीत नेली. जुन्या सुती धोतराचे तीन तुकडे उकळून चुलीपाशी वाळवले. एक फोमच्या अंगावर ठेवून वर पातेलं पालथं घातलं. दुसरा प्लायवर, तसाच पातेल्याखाली. तिसरा नुसता स्टीलच्या डब्यात, काहीच नसलेला. सकाळी तिन्ही वेगवेगळ्या डब्यांत झाकले. भाचीने खडूने आकडे घातले आणि कुठला कुठला ते फक्त तिलाच माहीत. तिला ते फार आवडलं. मग ताई, भावोजी, काकी आणि मी, एकेकाने हुंगून सांगायचं. एका आकड्यावर चौघांनीही तोंड फिरवलं. तो प्लायचा. "काही नाही" असं ज्याला सगळे म्हणाले तो रिकामा. फोमच्या तुकड्याला मात्र आम्ही तिघं "रंगासारखा" म्हणालो, आणि काकी काहीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्यांदा हुंगल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याला रंगाबरोबर कपाटातल्या जुन्या शालूचा वास होता. गादीच्या आवरणाची चेन उघडली तर आत कडेला ओळीने आठ डांबरगोळ्या.

"ढेकूण होतत म्हणान घातलंय," काकी म्हणाल्या. "तुमका ह्या सगळा शिकवूक कोण इला?"

नॅप्थलीन. मला हसू आलं, पण हसण्यासारखं नव्हतं. डांबरगोळ्यांची वाफ लहान मुलाच्या नाकाशी रात्रभर असणं चांगलं नाहीच. आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटू शकतात, तान्ह्या बाळांत तर विशेष. नव्या फोममध्ये लगेच ढेकूण होण्याचं काही कारण नव्हतं. गोळ्या निघाल्या, कपाटातल्याही निघाल्या. चौथा आरोपी संध्याकाळी सापडला. दार लावून काकींनी खाटेखाली मच्छरांची कॉइल पेटवली. एक कॉइल जळून संपते तोवर तिच्यातून बारीक कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. आपण ७,४९९ रुपयांच्या फोमला "केमिकल, केमिकल" म्हणून कोसत होतो आणि खाटेखाली हा यज्ञ चालू होता. मच्छरदाणी आणली. काकींशी त्यावर झालेला वाद इथे लिहीत नाही.

प्लाय त्याच रात्री गोठ्याकडे गेली. खाटेच्या जुन्या फळ्या परत बसवल्या, मधल्या फटी दोन-दोन इंच. फटी तीन इंचांच्या आत असल्या की बहुतेक फोम खाली उतरत नाही. उलट कोकणात त्या फटी ही खाटेची छाती आहे. अंगाचा घाम गादीतून खाली जातो, खाली सपाट प्लाय किंवा थेट जमीन असली की तो तिथे अडतो, आणि श्रावणात गादी उलटली की काळे ठिपके. जुन्या सुतारांनी फटी ठेवल्या त्या काही लाकूड वाचवायला नाही.

भाचीचा रात्रीचा खोकला पुढच्या आठवड्यात कमी झाला. कशामुळे, ते मी सांगू शकत नाही. प्लाय, गोळ्या, कॉइल आणि फोम, चारही गोष्टी दोन दिवसांत हलवल्या होत्या. प्रयोगशाळेत असं केलं असतं तर मीच मुलाचे गुण कापले असते. पण पोर खोकत असताना एकेक करून बघत बसायचं नसतं.

जाहिरात आणि वजनकाटा

फोमवरचा आळ कमी झाला तरी तो निर्दोष नव्हता. "केमिकल फ्री" हा शब्द तर मला वर्गातच नेतो. पाणी रसायन, नारळाचा काथ्या रसायन, काकींची सोलकढी रसायन. रसायनाशिवाय गादी म्हणजे हवेत झोपणं. "ऑरगॅनिक मेमरी फोम" त्याहून गमतीचा. रसायनशास्त्राच्या अर्थाने पीयू फोम ऑरगॅनिकच आहे, कार्बनी संयुगांचाच बनलेला, पेट्रोलियममधून आलेला. पण विकणाऱ्याला ते म्हणायचं नव्हतं. त्याला ग्राहकाच्या मनात शेत उभं करायचं होतं.

शिक्के तपासले. एक शिक्का सर्टीपूर-यूएसचा होता. हा कार्यक्रम फक्त पीयू फोमसाठी आहे, आवरणासाठी नाही. त्यात शिसं, पारा यांसारखे जड धातू, फॉर्मल्डिहाइड, काही थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) आणि ठरावीक अग्निरोधकं न वापरण्याची अट असते, आणि उडणाऱ्या सेंद्रिय रसायनांचं प्रमाण दशलक्षात अर्ध्या भागाहून कमी असावं लागतं. कोणाला प्रमाणपत्र आहे ती यादी उघडी असते. तिच्यात या विक्रेत्याचं नाव सापडलं नाही. दुसरा शिक्का ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चा. त्याच्या लेबलवर नंबर असतो आणि तो नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की कोणाला, कशासाठी दिलाय ते कळतं. इथे नंबरच नव्हता, नुसतं चित्र. हे प्रमाणपत्र बहुतेक वेळा आवरणाच्या कापडापुरतं घेतलेलं असतं, आणि आपण ते अख्ख्या गादीला लावून वाचतो. ही चूक मीही केली असती. नैसर्गिक लॅटेक्सच्या, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाच्या, गाद्यांवर गोल्स नावाचा शिक्का दिसतो, त्यात निदान ९५ टक्के सेंद्रिय शेतीतला लॅटेक्स लागतो. ग्रीनगार्ड गोल्ड मात्र तयार वस्तूतून खोलीच्या हवेत काय सुटतं ते मोजून मिळतं. वासाच्या दृष्टीने मला तेच सगळ्यात कामाचं वाटतं. पण ताईच्या बजेटमध्ये ते आम्हाला दिसलं नाही.

मग "हाय डेन्सिटी ४०". याला शिक्का लागत नाही, काटा लागतो. शेजारी काजूबी मोजायचा काटा होता. आवरण आणि पिशवी काढून नुसता फोम तोलला: ८.३ किलो. ७२ बाय ४८ बाय ६ इंच म्हणजे साधारण ०.३४ घनमीटर. चाळीसची घनता, म्हणजे घनमीटरला चाळीस किलो, असती तर वजन १३.६ किलो भरायला हवं. भरलं त्यावरून घनता निघते चोवीसच्या आसपास. चेन उघडल्यावर हेही दिसलं की वरचा एक इंचच मेमरी फोम, करडा. खाली पाच इंच साधा पांढरा फोम, आणि दोन्हींच्या मध्ये गोंदाचा थर. नाक लावलं तर सगळ्यात जास्त वास तिथेच. गादी घ्यायच्या आधीच हा हिशोब करता येतो. पानावर "पार्सलचं वजन" बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं, फक्त कोणी ते घनतेशी ताडून बघत नाही.

परत करणं

ताईने परत करायचं म्हटल्यावर उत्तर आलं, "आपल्या पिनकोडवर रिव्हर्स पिकअप उपलब्ध नाही." शंभर रात्रींची बात या पिनकोडला लागू नव्हती, हे नियमांच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं. आणि गादी मूळ गुंडाळीत द्या, असंही. एकदा फुगलेली मेमरी फोमची गादी घरी गुंडाळून दाखवणाऱ्याला मी माझा महिन्याचा पगार देईन.

९ जूनला आम्ही तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा अधिकारी नेमावाच लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. त्याच नियमांत असंही आहे की जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. वासाबद्दल आम्ही एक ओळ लिहिली. वास कोणाला सिद्ध करता येतो? भर दिला तो काट्यावर: फोमच्या वजनाचा फोटो, मापाचा फोटो, "हाय डेन्सिटी ४०" असं लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट. जोडीला "ऑरगॅनिक" कशाच्या आधारावर म्हणता ते विचारलं, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याचा खोटा आव आणण्यावर, मार्गदर्शक सूचना काढल्यात, आणि असे पर्यावरणाचे दावे पुराव्याशिवाय करता येत नाहीत.

पोच आली. आठवड्याने नकार आला. २३ जूनला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार टाकली. १६ जुलैला पूर्ण पैसे परत जमा झाले, आणि गादी न्यायला कोणी येणार नाही, तुम्हीच कोणाला देऊन टाका, असा मेसेज. ताईला ग्राहक आयोगापर्यंत जायची तयारी ठेव म्हणून सांगितलं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ती वेळ आली नाही.

दुसरी गादी, घाई न करता

मी एकच हट्ट धरला: पाऊस संपेपर्यंत काही मागवायचं नाही. जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर कुठल्याही नव्या गादीला हवा देता येत नाही, आणि हवा न मिळालेली चांगली गादीही वाईट वागते. तोवर भाची फळ्यांवर चटई आणि दोन गोधड्या घालून झोपली. गोधड्या दर पंधरवड्याला कढत पाण्यात धुवायच्या, कारण धुळीतले किडे साधारण ५५-६० अंशांना मरतात, गार पाण्याने नुसते पोहतात. वाळवायच्या चुलीवर बांधलेल्या उतवीवर (वाळवणाच्या चौकटीवर), त्याला इलाज नाही.

पर्याय तोवर चघळून झाले. पुन्हा कापसाची गादी करावी, हे काकींचं मत. तिला रासायनिक वास नाही, स्थानिक माणसाला काम मिळतं, पण ती ओल धरते, धूळ धरते, वर्षाआड पिंजावी लागते, आणि दमेकरी मुलीला पिंजलेल्या कापसाची धूळ नकोच. स्प्रिंगच्या गादीचा विचार भावोजींनी स्वतःच सोडला. त्यांच्या स्कूटरचा सायलेन्सर तीन वर्षांत खाऱ्या वाऱ्याने खाल्लाय. निव्वळ नैसर्गिक लॅटेक्स मला मनापासून पसंत होता. रबराचा हलका वास येतो, जातो, हवा खेळते. पण किंमत बजेटच्या दुप्पट. चांगल्या घनतेचा, प्रमाणपत्र असलेला साधा फोम हा खरा स्पर्धक होता. त्यात वाईट काही नाही, आणि शहरात, कोरड्या गावात मी तोच घ्या म्हणेन.

इथे मात्र रबराइज्ड काथ्या जिंकला. नारळाच्या सोडणाचे तंतू कुरळे करून त्यांवर लॅटेक्स फवारतात, थर दाबतात आणि उष्णतेने व्हल्कनाइझ करतात, म्हणजे रबर पक्कं करतात. मधून हवा जाते. काथ्यात लिग्निन भरपूर, म्हणून तो ओलीत सहजी कुजत नाही. सुंभाची दोरी वर्षानुवर्षं खाडीत राहते ती त्यामुळेच. तोटे: कडक असते, काही वर्षांनी मध्ये खड्डा पडतो, आणि बाजारात "काथ्याची" म्हणून मिळणाऱ्या कित्येक गाद्यांच्या वर इंचभर पीयू फोम चिकटवलेला असतो. म्हणजे परत तोच गोंद. विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारले: फोमचा थर आहे का, थर कशाने चिकटवता, आवरण निघतं का, पार्सलचं वजन किती. तिघांपैकी एकाने सगळ्यांची उत्तरं दिली. त्याच्याकडून हातभर तुकडा मागवला. तो त्याने शंभर रुपये घेऊन पाठवला. तुकडा झाकणाच्या डब्यात घालून दिवसभर उन्हात ठेवला, संध्याकाळी उघडला. रबर, आणि खाली ओल्या सोडणाचा वास. चुरचुर नाही.

चार इंच जाड, सुती आवरणाची गादी ८,६०० रुपयांत ठरली. माप मात्र ७२ बाय ४६, कारण सुताराने खाट डोळ्याने मापली होती आणि पहिली गादी दोन्ही बाजूंनी इंच-इंच बाहेर लोंबायची. सांगून करून घेतलेल्या मापाची गादी बहुतेक कोणीच परत घेत नाही. याने तर ते ठळक लिहिलं होतं. तुकडा आधी मागवला तो म्हणूनच. कुरिअर आचऱ्याला येत नव्हतं, गादी कणकवलीला उतरवून टेम्पोने आणली. दोडामार्गात रबराच्या बागा आहेत, वेंगुर्ल्यात बायका काथ्याचं काम करतात, नारळ तर दारात, आणि गादी येते ती घाटापलीकडून किंवा केरळातून. असो.

दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली. चार दिवस खळ्यात, सावलीच्या कडेला उभी ठेवली. तळपत्या उन्हात नको, लॅटेक्स उन्हाने ठिसूळ होतो. पाचव्या दिवशी काकींनी नाक लावलं. "ह्येका सुंभाचो वास येता. आमच्या बापाशीच्या होडयेत असोच येय." एवढं म्हणून त्या आत गेल्या. विरोध संपला असं आम्ही समजलो.

आणि ती पहिली गादी? पडवीत भिंतीला उभी राहून राहून जुलैअखेर तिचा वास पार गेला. २७ ऑगस्टला गणपती बसले, मुंबईहून चाकरमानी आले, आणि भावोजींचे दोन चुलतभाऊ पाच रात्री तिच्यावर घोरले. जाताना एकाने विचारलं, "वहिनी, कुठून मागवली? छान आहे हो."

प्लायची शीट अजून आहे. कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून घातलीय. पहिल्याच पावसाळ्यात तिचे पापुद्रे सुटायला लागलेत.